दोन तारांचा तापमापक

विमानाच्या पिस्टन इंजिनात पेट्रोल व हवा यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, हे बाहेर पडणाऱ्या धुराच्या तापमानावरून वैमानिकाला कळते. अमेरिकेत घरी विमान बांधणारे अनेक हौशी लोक आहेत. त्यांची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात स्थापन झाली. त्यांतील काही जण हा तापमापकही घरीच करतात.

त्यामागचे तत्त्व सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली शोधले. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, की अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो. येथे क्रोमेल व अॅल्युमेल हे निकेलचे मिश्रधातू वापरतात. त्यांचा सांधा पोलादी नळीत घालून धुराच्या नळीत बसवितात. फरक ७०० अंश सेल्सिअस असेल तर सुमारे २९ मिलिव्होल्ट मिळतात.

मात्र ही जोडी तापमान मोजीत नाही, दोन टोकांतील फरक मोजते. काटकसरीसाठी इंजिनापासून मीटरपर्यंत साधी तांब्याची तार लावली, तर थंड सांधा इंजिनाच्या उष्ण कप्प्यातच राहतो. कप्पा ६० अंश व मीटरजवळची हवा २० अंश असेल, तर मीटर सुमारे ४० अंश कमी दाखवील. त्यावर विसंबून वैमानिक पेट्रोल आणखी कमी करील आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढेल. म्हणून मीटरपर्यंत त्याच धातूंच्या तारा नेतात व मीटरजवळचे तापमान हिशेबात धरतात.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. आरंभीची शिल्लक चुकली, तर अखेरची कशी जुळणार? फरक इतकाच, की आकाशात चूक दुरुस्तीची नोंद घालता येत नाही.