हसू किती मिलिमीटरचं?

संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे व्यायामोपचारासाठी येत. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडून सहा महिने झाले होते. आमच्याकडे याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. वैद्यकात बेल्स पाल्सी. मी त्यांना हसायला सांगितलं आणि ओठाचा कोपरा किती सरकतो ते पट्टीने मोजलं. मागच्या खेपेपेक्षा चार मिलिमीटर जास्त. मला आनंद झाला. त्या मात्र पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “डॉक्टर, नातू अजून जवळ येईना. म्हणतो, आजी रागावलीय.”

मग मी मोजलं ते काय? हा प्रश्न सर्वांत कठीण रूपात उभा राहतो तो चेहरा प्रत्यारोपणानंतर. म्हणून तिथे तो कसा सोडवतात, हे मी वाचू लागलो.

तुटलेला चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं गेलं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यातून धडा घेतला. पण नाकाला मुख्यतः आकार लागतो. ओठ, गाल आणि पापण्या यांना हालचाल लागते.

१९९४ मध्ये पंजाबात मळणी यंत्रात वेणी अडकून नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा टाळूसकट निघाला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. अब्राहम थॉमस यांनी तिचाच चेहरा तिला पुन्हा जोडला. दुसऱ्याच्या चेहऱ्याचा भाग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया २७ नोव्हेंबर २००५ रोजी फ्रान्समधल्या आमियाँ शहरात झाली. कुत्र्याने चेहरा फाडलेल्या एका स्त्रीला दात्याचं नाक, ओठ आणि हनुवटी लावली गेली. त्यानंतर जगभरात अशा सुमारे पन्नास शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

रक्तवाहिन्या जोडल्या की रंग लगेच येतो. चेतातंतूंचं तसं नाही. जोडलेल्या जागेपासून पुढची नळी रिकामी असते आणि तिच्यातून नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं म्हणून शेवटच्या चारीवरचं वावर त्याच दिवशी भिजत नाही, तसंच हे. त्या फ्रेंच स्त्रीला स्पर्श, ऊन आणि गार सहा महिन्यांत कळू लागलं. ओठ पूर्ण मिटायला मात्र दहा महिने लागले. स्पर्श पाचव्या मस्तिष्क चेतेचं काम, हालचाल सातवीचं.

आवर्तनात आणखी एक घोटाळा होतो : पाणी भलत्याच्या वावरात शिरतं. ओठाकडे निघालेले तंतू वाट चुकून पापणीच्या स्नायूत पोचतात. मग माणूस हसायला जातो आणि डोळा मिटतो. याला सिन्कायनेसिस म्हणतात. हालचाल वाढलेली असते, पण ती चुकीच्या जागी.

म्हणून चांगलं मोजमाप तीन खाती ठेवतं. टोरांटोत तयार होऊन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सनीब्रूक मापनात आधी पाच हालचाली पाहतात : कपाळ उंचावणं, डोळे अलगद मिटणं, दात दाखवून हसणं, नाक फेंदारणं आणि ओठांचा चंबू करणं. प्रत्येकीला एक ते पाच गुण, बेरजेची चौपट. त्यातून चेहरा स्वस्थ असतानाचा वाकडेपणा वजा करतात, आणि नको असलेल्या जोड-हालचालीही वजा करतात. पूर्ण निरोगी चेहऱ्याला शंभर.

या मापनाला आधार असतो निरोगी बाजूचा. लुळ्या डाव्या गालाची तुलना उजव्याशी करायची. पण संपूर्ण चेहराच बदलला असेल तर तुलना कशाशी? निरोगी बाजू उरलेली नसते, आणि जुनं हसू तर जुन्या चेहऱ्याबरोबर गेलेलं. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये वेगळी वाट दाखवली. सहा रुग्णांच्या चित्रफिती त्यांनी चेहऱ्यावरचे भाव ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीला दाखवल्या. स्नायू किती सरकला यापेक्षा, समोरच्याला काय वाचता येतं, हा त्यांचा प्रश्न होता. आनंद काही अंशी परतलेला दिसला; इतर भावांत तशी ठोस सुधारणा दिसली नाही.

तरीही एक गोष्ट उरते. ‘हसा’ म्हटल्यावर येणारं हसू आणि आपसूक येणारं हसू मेंदूतल्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. तपासणीच्या खोलीत आपण बहुधा पहिलंच मोजतो.

माझी चूक मला इथे सापडली. पुढच्या खेपेला मी बाईंना नातवालाही आणायला सांगितलं. दोघं बोलत असताना, त्यांना विचारूनच, मोबाइलवर चित्रण केलं. ते सावकाश पाहिलं तेव्हा दिसलं : नातवाकडे पाहून त्या हसल्या की डावा डोळा बारीक होई आणि गाल आवळला जाई. त्या पोराने राग वाचला तो तिथे. पट्टी ओठाशी होती, म्हणून मला तो दिसला नाही. वर मी ‘अजून जोर लावा’ म्हणत होतो. जोराने हा घोटाळा वाढतो.

मग व्यायाम बदलला. आरशासमोर, डोळा उघडा ठेवून, अगदी थोडं आणि हळू हसायचं. ओठाचं अंतर पहिल्या महिन्यात एक मिलिमीटरने कमीच झालं. तो आकडा मी तसाच लिहून ठेवला आणि शेजारी एक नवा रकाना आखला : समोरच्याला काय दिसलं. तो मी नातवाला विचारून भरतो. परवा तो म्हणाला, “आज थोडीच रागावलीय.”