अभ्यासकाचे टिप्पण आणि मंत्र्याचा निर्णय

शाळेने काढलेल्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत परराष्ट्रनीतीवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी इतिहास व नागरिकशास्त्र शिकवीत आणि भिंतीवर नकाशा लावल्याखेरीज तासाला प्रारंभ करीत नसत, एवढे कारण मला पुरेसे वाटते. शिवाय उज्जैनच्या मंडीत सोयाबीनला काय भाव मिळतो हे आता केवळ माळव्यातील पावसावर ठरत नाही. जकार्ता, क्वालालंपूर आणि दिल्ली येथील निर्णयही त्यात मिसळलेले असतात. तेव्हा हा ‘दिल्लीकरांचा विषय’ म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही.

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून काही माणसे आयुष्यभर एखाद्या देशाचा, एखाद्या सीमेचा, एखाद्या कराराचा अभ्यास करीत असतात. दुसरीकडे मंत्री व सचिव यांना त्याच देशाविषयी, पुष्कळदा एका रात्रीत, निर्णय घ्यावा लागतो. एकाजवळ वेळ आहे पण अधिकार नाही. दुसऱ्याजवळ अधिकार आहे पण वेळ नाही. या दोघांची गाठ पडावी याविषयी मतभेद नाही. ती कोणत्या अटींवर पडावी, हा खरा प्रश्न होय.

तो आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याने मंत्राधिकाराच्या प्रकरणात सल्लागार किती असावेत याची चर्चा केली आहे. एकाच मंत्र्याशी खल केला तर कठीण प्रसंगी निश्चय होत नाही व तो मंत्री मनमानी करू लागतो. दोघे असले तर ते संगनमत तरी करतात किंवा भांडून कार्याचा नाश तरी करतात. म्हणून तीन किंवा चार असावेत, असे त्याचे मत आहे. मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यामुळे हा ग्रंथ आजच्या अभ्यासकांना विश्वासाने हाताळता येतो. त्या चर्चेत मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, सल्लागार विद्वान आहे की नाही यापेक्षा त्याच्या सल्ल्याची उलटतपासणी कोण करणार, याची चिंता कौटिल्याला अधिक होती.

आधुनिक काळात मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण यशवंतराव चव्हाणांचे. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुंबईहून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून घरोघरी झाले. वाक्य गोड आहे, परंतु त्यांच्यापुढे ठाकलेले काम मुळीच गोड नव्हते. पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रुक्स व भगत या अधिकाऱ्यांनी केली. तिच्या निष्कर्षांविषयी चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निवेदन केले, मात्र अहवाल प्रसिद्ध केला नाही. पुढील सरकारांनीही तो केला नाही. २०१४ साली त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकारामार्फत बाहेर आला तेवढाच. याचा परिणाम असा झाला की, ज्या घटनेपासून अभ्यासकांनी सर्वाधिक शिकावयास हवे होते तिची मूळ कागदपत्रेच त्यांच्या हाती नव्हती.

त्याच चव्हाणांच्या कारकिर्दीत, पाकिस्तानशी झालेल्या युद्धाची शस्त्रसंधी होऊन दोन महिनेही लोटले नव्हते तोच, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. कागद दडवून ठेवणारे शासन आणि अभ्यासकांसाठी घर बांधणारे शासन एकच होते. ही विसंगती मला चव्हाणांच्या नावावर टाकावीशी वाटत नाही. ती शासन नावाच्या वस्तूच्या स्वभावातच आहे. संस्था स्वायत्त, पण पैसा संरक्षण मंत्रालयाचा. अभ्यास मोकळा, पण अध्यक्षस्थानी संरक्षणमंत्री. पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त होते. १९६८ मध्ये के. सुब्रह्मण्यम संचालक झाले आणि संस्थेचा आवाज देशभर ऐकू येऊ लागला. २०२० साली या संस्थेला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. तिच्या आरंभी कऱ्हाडचा एक मराठी संरक्षणमंत्री आणि आजच्या पाटीवर गोव्याचा दुसरा, हा योगायोगच म्हणावयाचा.

अशा रचनेत कोणता धोका दडलेला असतो हे १९७१ च्या मार्चअखेरीस दिसले. पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराने हत्याकांड आरंभिले होते आणि निर्वासितांचे लोंढे सुरू होत होते. ३१ मार्च रोजी संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला सहानुभूती व पाठिंबा व्यक्त करणारा, परंतु शब्द तोलून लिहिलेला ठराव केला. त्याच सुमारास विश्व मामल्यांच्या भारतीय परिषदेत, म्हणजे सप्रू हाऊसमध्ये, भरलेल्या एका परिसंवादात सुब्रह्मण्यम यांनी सांगितले की, पाकिस्तानचे विभाजन भारताच्या हिताचे आहे व अशी संधी पुन्हा यावयाची नाही. वृत्तपत्रांनी ते छापले. पाकिस्तानने पुढील अनेक महिने त्याचा प्रचारासाठी उपयोग केला: भारताचा कट पहा, त्यांच्याच सरकारी संस्थेचा संचालक बोलतो आहे!

सुब्रह्मण्यम यांचे विश्लेषण डिसेंबरात खरे ठरले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते मान्य केले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. त्या दिवशी व्यासपीठावरचा माणूस कोणत्या नात्याने बोलत होता? तो स्वतः स्वतंत्र अभ्यासक म्हणून बोलत असेल. ऐकणाऱ्याने मात्र मंत्रालयाचा निधी पाहिला. ढाक्यात ज्यांच्या जिवावर बेतले होते त्यांच्यावर ‘भारताचे हस्तक’ हा शिक्का मारणे त्या वाक्याने सोपे झाले. माझे मत असे की, राष्ट्राचे साध्य काय असावे यावर अभ्यासकाने चौकात उभे राहून बोलावे, अगदी शासनाला अप्रिय असले तरी बोलावे. परंतु केव्हा, कोठून व कोणत्या साधनाने पाऊल उचलावे हे सांगावयाचे असेल, तर ते बंद लिफाफ्यातून सांगावे. दोहोंमधील रेषा नेहमी स्पष्ट असते असे नाही. म्हणूनच ती आखण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर अधिक येते.

पुराव्याच्या बाबतीत याहून जुना धडा पुण्याचा आहे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. सरहद्दीपलीकडील मोहिमांचा खर्च हिंदी रयतेवर का, हा त्यांतील एक प्रश्न होता, म्हणजे तो एका अर्थी परराष्ट्रनीतीचाच प्रश्न. गोखल्यांची साक्ष भक्कम ठरली, कारण तिच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी यांची आकडेवारी होती. जोशी कोण? सरकारी शाळेतील शिक्षक, पुढे सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. सरकारी अहवालांतील आकडे वर्षानुवर्षे पिंजून काढण्याचे त्यांचे व्यसन होते. (शाळेच्या पुस्तिकेत हे नाव यावयासच हवे.) परंतु त्याच उन्हाळ्यात गोखल्यांना पुण्याहून स्नेह्यांची पत्रे गेली, व प्लेगच्या झडतीत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी लंडनच्या भेटीत वृत्तपत्राजवळ बोलून दाखविला. परतल्यावर पुरावा उभा करता येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली तर त्यांच्यावर संकट, न सांगितली तर स्वतःवर. गोखल्यांनी नावे दडविली आणि जाहीर बिनशर्त माफी मागितली. आप्तस्वकीयांनीही त्यांना बोल लावले. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाविषयीची तक्रार निराधार नव्हती. पण अपुऱ्या पुराव्याच्या एका विधानामुळे सरकारला साऱ्याच तक्रारी झटकून टाकण्याची सोय झाली. एकाच माणसाच्या, एकाच प्रवासातील या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी पुढे दिल्लीत १९४३ साली विश्व मामल्यांची परिषद उभी करण्यात व १९५५ साली आंतरराष्ट्रीय अध्ययनाचे विद्यालय काढण्यात पुढाकार घेतला. ते विद्यालय १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. या क्षेत्रातील आपल्या विद्वत्तेची एक मुळी अशी पुण्यापर्यंत जाते.

पैशाविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तो विषय टाळण्याची रीत आहे. १९६८ साली असे उघडकीस आले की, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हिमालयीन सीमावर्ती देशांच्या संशोधनप्रकल्पाला अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा मिळत होता. भारतात गदारोळ उठला आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या इतर परदेशी अभ्यासकांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. खेडोपाडी ज्यांनी त्यांना घरात घेऊन माहिती दिली होती, त्यांचा विश्वास परत कसा मिळविणार? पैसा घेतला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो लपविला म्हणजे मात्र खरा निष्कर्षही कोणी मानीत नाही.

गाठ चांगली पडली तर काय घडते, याचे उदाहरण म्हणून मी कारगिल आढावा समितीकडे पाहतो. जुलै १९९९ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष पुन्हा सुब्रह्मण्यमच होते. सोबत निवृत्त सेनाधिकारी के. के. हजारी, पत्रकार बी. जी. वर्गीस आणि सदस्य-सचिव म्हणून सतीश चंद्र. कौटिल्याच्या हिशेबाने बरोबर चार! त्यांना कागद पाहण्याची व अधिकाऱ्यांना विचारण्याची मोकळीक होती. पाच महिन्यांत, डिसेंबरात, अहवाल तयार झाला आणि काही मजकूर वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. १९६३ च्या मानाने हे पाऊल केवढे मोठे! त्यावर मंत्रिगट बसला आणि त्याने सरसेनाध्यक्षासारखे पद निर्माण करण्याची शिफारस २००१ मध्ये केली. ते पद प्रत्यक्षात १ जानेवारी २०२० रोजी भरले गेले. आपल्या लेखाची दखल पुढच्या मंगळवारी घेतली नाही म्हणून रुसणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी हे अंतर मोजून पहावे.

केवळ बरोबर असणे पुरत नाही, हेही खरेच. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील ३३ नामवंत अभ्यासकांनी इराकवरील युद्ध राष्ट्रहिताचे नाही अशी जाहिरात न्यू यॉर्क टाइम्समध्ये स्वखर्चाने दिली. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. निर्णय जेथे शिजत होता तेथे त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

मग अभ्यासकाने शासनाकडे काय पाठवावे? प्रबंध पाठवू नये. परराष्ट्र सेवेतील अधिकारी सुमारे हजार, आणि जग एवढे मोठे; त्यांतील एकेकाच्या टेबलावर दोन-दोन, तीन-तीन देश असतात. त्याला दोन पानांचे टिप्पण हवे असते. त्यात निश्चित ठाऊक काय, तर्काने काढलेले काय आणि कोणालाच न कळणारे काय, हे वेगवेगळे मांडावे. शासनापुढे मार्ग किती व प्रत्येकाची किंमत कोण भरणार, हे लिहावे. किंमत कोण भरणार, हा रकाना बहुधा रिकामा असतो. टिप्पण अंदाजपत्रक बांधले जात असताना पोचले तर उपयोगी, ते सादर झाल्यावर पोचले तर रद्दी. येथे मला आमच्या क्षिप्रातीरावरील वेधशाळेची आठवण होते. ती बांधणारा सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदारही होता. ग्रह मोजणारा आणि राज्य करणारा एकच. तशी माणसे आता विरळा. वेध घेणारा वेगळा आणि प्रयाणाचा मुहूर्त ठरविणारा वेगळा, हे मान्य करूनच दोघांनी वागले पाहिजे. वेध घेणाऱ्याने ग्रहस्थिती सांगताना धन्याच्या मनातला मुहूर्त पाहू नये.

आता सोयाबीनकडे येतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. मलेशियाच्या पंतप्रधानांनी काश्मीर व नागरिकत्व कायद्यावर टीका केल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच काही आठवडे थांबविली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. प्रत्येक पावलामागे परराष्ट्रसंबंध, महागाई व शेतकरी यांचा एकत्र हिशेब होता. शुल्क वाढले की शहरातील गृहिणी चिडते, उतरले की पेरणीच्या तोंडाशी माळव्यातला शेतकरी हवालदिल होतो.

या हिशेबातील माळव्याची बाजू दिल्लीस कोण कळविते? इंदूरला सोयाबीनची संशोधनसंस्था आहे, तेलगाळपवाल्यांची संघटनाही आहे. आणि संघटना आपली बाजू चोख मांडते, तो तिचा हक्कच आहे. परंतु आंतरराष्ट्रीय संबंध शिकविणारा उज्जैनचा एखादा अध्यापक मंडीतील रोजचे भाव, शुल्काच्या अधिसूचनांच्या तारखा आणि जकार्ताचे निर्णय एका तक्त्यात मांडून बसला आहे, असे चित्र मला अजून दिसावयाचे आहे. त्यासाठी दिल्लीची ओळख लागत नाही. गणेश व्यंकटेश जोशी सोलापुरात बसूनच वाचीत होते. मंडीचे भाव रोज जाहीर होतात, अधिसूचना राजपत्रात छापल्या जातात. अडते, हमाल व लहान शेतकरी यांच्याशी बोलताना मात्र त्यांची नावे टिपणात न घालण्याची दक्षता घ्यावी, आणि लिहून झालेले पान त्यांच्यापैकी कोणाला तरी आधी वाचून दाखवावे. चूक असेल तर ती अवर सचिवाच्या आधी त्यांना दिसेल.

शासनाकडून एक गोष्ट मात्र मागावयास हवी. सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ साली झाला आणि त्याखालील नियम १९९७ साली. पंचवीस वर्षांनंतर कायम जतन करावयाची कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावीत, अशी त्यांत तरतूद आहे. म्हणजे कारगिलच्या काळातील कागदांची मुदतही आता भरली आहे.