धंद्याचे यश आणि नोकरवर्ग

धंदा म्हटला की भांडवल, जागा आणि माल या गोष्टी प्रथम आठवतात. बँकेत कर्जाचे अर्ज हाताळताना आम्हीही तारण आणि यंत्रसामग्री यांचीच चौकशी अधिक करतो. परंतु धंदा शेवटी माणसे चालवितात. ती माणसे कशी निवडली व कशी वागविली, यावर त्याचे यश बरेचसे अवलंबून असते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारभरती अनेक वर्षे जॉबरच्या हाती होती. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. तो आपल्या गावची, नात्यातली माणसे आणी. त्यामुळे कामगार गिरणीपेक्षा जॉबरलाच अधिक बांधलेला राही. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात तर अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जोराने मांडला. हात कुशल असूनही केवळ जातीमुळे माणूस नाकारला, तर त्याची भाकरी जाते आणि कारखान्याचेही नुकसान होते. पुढे १९३१ मध्ये शाही कामगार आयोगानेही जॉबरकडून होणाऱ्या भरतीवर टीका केली.

याच्या उलट उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील ३२ एकर ओसाड माळावर कारखाना वसविला. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. तुरुंगवास भोगलेल्या माणसांवर रात्रीची राखण सोपविली गेली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. लक्ष्मणरावांनी माणसाचा मागचा इतिहास न पाहता त्याचे हात व वृत्ती पाहिली. लोखंडी नांगरापासून निघालेला हा कारखाना पुढे चरक आणि पंपांपर्यंत पोहोचला. त्यामागे या माणसांचा मोठा वाटा होता.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. सेवकानेही दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे व मालकाचे नाव राखावे, असे तेथे म्हटले आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे.

आपल्या आष्टीतील किराणा दुकान, आडत किंवा गॅरेज यांनाही हेच लागू पडते. माणूस ठेवण्यापूर्वी काम काय ते स्पष्ट सांगावे. ओळखीपेक्षा आठ दिवस काम करून घेऊन पारख करावी, मात्र त्या आठ दिवसांचीही मजुरी द्यावी. पगार ठरल्या तारखेस द्यावा. चूक झाल्यास गिऱ्हाइकासमोर अपमान न करता बाजूला घेऊन समजवावे. शिकविलेला माणूस सोडून गेला की नव्याला शिकविण्यात महिने जातात, मालाची नासाडी होते आणि ओळखीचे गिऱ्हाईकही तुटते. हा खर्च कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या नोकरी मागतील, तर काहीजण नोकरी देतील. आपल्या वाडवडिलांना ज्या दारातून परत फिरावे लागले, तसे दार आपल्या दुकानाला असू नये. कोणाचाही मुलगा वा मुलगी काम मागण्यास आली, तर प्रथम तिचे काम पाहा. यात न्याय आहे आणि धंद्याचे हितही आहे.