नर्मदेकाठची गारगोटी : पारख आणि मोल

पंचायतनातील शिवाचा बाण नर्मदेचा आणि गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, हे आपल्या घरांतून निराळे सांगावयास नको. आम्हां भोपाळकरांना नर्मदा तर अवघी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवर. होशंगाबादच्या (२०२२ पासून नर्मदापुरम) वाळवंटात सहलीला गेलेली आमच्या शाळेतील मुले खिसे भरून गोटे आणतात व 'सर, हा हकीक आहे का?' म्हणून विचारतात. मुलांचे ठीक आहे. पण आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना कोणा फेरीवाल्याने त्यांच्या घरचा गोटा लाखाचा असल्याचे सांगितले, आणि त्यांनी त्या भरवशावर कन्येच्या विवाहखर्चाची मांडणीही सुरू केली! म्हणून हा विषय जरा नीट पाहिला पाहिजे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनपासून माळव्यापर्यंत लाव्हारस पसरला. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि थरावर थर बसून अकीक घडला. त्यामुळे त्याचे पट्टे पोकळीच्या भिंतीला धरून, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक असतात. मध्यभागी पुष्कळदा स्फटिकांचे दाणे चमकतात. बाहेरची साल मात्र खडबडीत, मातकट, कोणी ढुंकून पाहू नये अशी.

पारख घरच्या घरी होते. गोटा ओला करून विजेरीवर धरावा. कडेने मधासारखा उजेड झिरपला तर तो अकीक असण्याचा संभव. मुळीच झिरपला नाही तर बहुधा यशब. चाकूच्या टोकाने ओरखडा उठता कामा नये. उलट त्याची धार काचेवर ओरखडा काढील. चाकूने सहज ओरखडला जातो तो चुन्याच्या जातीचा दगड. आत गोल बुडबुडे दिसले तर ती भट्टीतली काच समजावी. भडक निळा किंवा गुलाबी रंग भेगांतून साचलेला असेल तर तो रंगविलेला माल होय. खंबायतचे कारागीर फिकट दगड मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात आणि त्यातील लोहामुळे तो लाल होतो. ही मात्र फसवणूक नव्हे, फार जुनी विद्या आहे.

आमच्या त्या स्नेह्यांचा गोटा अस्सल निघाला, पण लाखाचा नव्हे. कच्चा अकीक सामान्यतः वजनावर विकला जातो. भाव चढतो तो पट्टे रेखीव असतील, तडे नसतील, रंग नैसर्गिक असेल किंवा आत शेवाळासारखी नक्षी असेल तर. हे कापल्यावाचून कळत नाही. हातोड्याने फोडून पाहणे हा सर्वांत महाग उपाय!

दुसरे एक मोल बाजारात होतच नाही. डॉ. वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणलेल्या भीमबेटका परिसरात, तसेच आदमगडला, याच जातीच्या दगडांची नखाएवढी पाती हजारोंनी सापडली आहेत. एखाद्या कपचीची कड मुद्दाम टवके काढल्यासारखी दिसली तर ती उचलू नये, विकू तर नयेच. जागा लक्षात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. शंभर वर्षांहून जुनी मनुष्यनिर्मित वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते.

साध्या गोट्यावरही गाव, नाला व तारीख लिहिलेली चिठ्ठी डकवावी. ठिकाण हरवलेला नमुना अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धा मेला.

गोटा कापून घ्यावयाचा झाल्यास कारागीर पाण्याची धार सोडून कापतो की कोरडा, हे आधी विचारावे. खंबायतेत अकीक घासणाऱ्या कित्येकांची फुप्फुसे त्या बारीक धुळीने सिलिकोसिस होऊन निकामी झाली आहेत, आणि त्या रोगाला उतारा नाही. कोरडे घासून मिळणारी झिलई स्वस्त पडते ती याच कारणाने. आम्ही आमचे दोन गोटे खडबडीतच ठेवले आहेत.