अणूची तिरकी चाल

अॅल्युमिनियमच्या स्फटिकाचा एक सपाट पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा. अणूंची चौकोनी मांडणी, दर चार अणूंच्या मधोमध एक खळगा, आणि अशाच एका खळग्यात येऊन बसलेला एकटा अणू. तो सेकंदाला सुमारे 10 लाख कोटी वेळा जागच्या जागी थरथरतो. शेजारच्या खळग्यात जायचं तर मधला ऊर्जेचा उंचवटा ओलांडायला हवा. तो 0.65 इलेक्ट्रॉनव्होल्टचा असेल, तर नेहमीच्या तापमानाला सेकंदात उड्या पडतात जेमतेम शंभरेक. एकेका उडीमागे हजारो कोटी फुकट गेलेले प्रयत्न!

हा अणू संगणकावर चालवून पाहायचा, तर हीच पंचाईत. थरथर टिपायची तर फेम्टोसेकंदाच्या पावलांनी पुढे सरकावं लागतं, आणि सारी मेहनत अणूची वाट पाहण्यातच संपते. यावरचा तोडगा मोठा देखणा आहे: वाट पाहणंच गाळायचं. बोर्ट्झ, कॅलोस आणि लेबोविट्झ यांनी 1975 साली मांडलेल्या पद्धतीत शक्य त्या सगळ्या उड्यांची यादी करतात आणि प्रत्येकीचा वेग लिहितात. मग यादृच्छिक आकड्याने एक उडी निवडायची. जिचा वेग जास्त, तिला संधी जास्त. उडी झाली की मधे जो काळ गेला असता, तेवढं घड्याळ पुढे करायचं.

पण यादीच अपुरी असेल तर? 1990 साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत पीटर फाइबेलमन यांनी अॅल्युमिनियमसाठी पुंजभौतिकीच्या आधारे गणित केलं, आणि भलतीच वाट सापडली. अणू उडी मारतच नाही. तो खालच्या थरात घुसतो आणि तिथला एक अणू पलीकडे वर येतो. या अदलाबदलीला फक्त 0.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. थरथर तेवढीच धरली, तर वेग तीन कोटींहून जास्त पट!

अशी अदलाबदल बुद्धिबळातल्या उंटासारखी तिरकी होते, त्यामुळे एकाच रंगाच्या घरांवर अणू दिसायला हवा. त्याच वर्षी गॅरी केलॉग आणि फाइबेलमन यांनी प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर फील्ड आयन सूक्ष्मदर्शकाने अणूच्या जागा एकामागून एक नोंदल्या. नकाशा तसाच निघाला.

पातळ थर अणू-अणूने कसे वाढतात, हे आज अशाच सिम्युलेशनने अभ्यासतात. तिथे पहिला प्रश्न संगणकाच्या ताकदीचा नसतो, यादीचा असतो. जी वाट आपण लिहिलीच नाही, ती त्यातला अणू कधीच चालणार नाही.