शिकारी कुत्र्याचें बाळपण

बंदुकीच्या बाराला भिणारें कुत्रें शिकाऱ्याच्या काय कामाचें? पण हा भित्रेपणा पुष्कळदां शिकविणाऱ्याच्या उतावीळपणाचें फळ असतो. स्कॉटलंडांत १८६८ सालीं ज्याच्या पैदाशीस आरंभ झाला, त्या गोल्डन रिट्रीव्हरचें मुख्य काम म्हणजे पडलेला पक्षी हुडकून, दांत न रुतवितां, धन्याच्या हातीं देणें.

पिलूं घरीं येतांच त्यास हांकेसरशी येणें व सांगतांच बसणें एवढेंच शिकवावें. धडा पांच मिनिटांचा पुरे. आणलेली वस्तु त्याच्या तोंडांतून ओढूं नये; ओढाताणीनें जबडा आवळण्याची खोड लागते व पुढें पक्षी चिरडला जातो. फेंकलेल्या कांहीं वस्तु आपणच उचलून आणाव्या, म्हणजे आज्ञेची वाट पाहण्याचा संयम त्याच्या अंगीं बाणतो. बाराचा आवाज प्रथम दुरून, तें आवडत्या कामांत गुंतलें असतां ऐकवावा आणि अंतर हळूहळू कमी करावें. एकदां बसलेली भीति काढणें फार कठीण.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आज शिकारीस मनाई आहे; परंतु रिट्रीव्हर वर्गांतीलच लॅब्रॅडॉर कुत्रे पोलीस पथकांत स्फोटकें हुंगून काढतात. तेथेंही मारापेक्षां शाबासकीच अधिक उपयोगी पडते.