मोटारीचा पत्रा आणि घोड्याचें रक्त

नामांकित मोटारीची प्रतिकृति घडविणें कौतुकाचें, पण जोखमीचें काम आहे. लांकडी सांच्यावर पत्रा ठोकून आकार देतांना हात कापतो. जखमेंत माती गेल्यास धनुर्वात होऊं शकतो. दोष गंजाचा नव्हे, मातींतील जंतूंचा.

सायरस पूनावाला यांनीं तरुणपणीं एका शाळासोबत्यासह अशीच एक मोटार बनविली. नमुना होता जॅग्वार डी-टाइप. १९५५ ते १९५७ अशीं लागोपाठ तीन वर्षें तिनें फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जिंकली होती. परंतु तशा मोटारी विक्रीस काढावयाच्या तर अपार भांडवल हवें, हें ओळखून त्यांनीं तो बेत सोडला.

घरीं शर्यतीच्या घोड्यांची पैदास होती. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकीन संस्थेकडे जात. निर्विष केलेलें जंतुविष टोंचल्यानें घोड्याच्या रक्तांत प्रतिविष उत्पन्न होतें. तें रक्तजलांतून शुद्ध करून जखमी माणसास दिल्यास शरीरांत फिरणाऱ्या विषाचा प्रतिकार होतो. (लस आधींच घेणें अर्थात् अधिक शहाणपणाचें.) याच ज्ञानाच्या आधारें १९६६ सालीं आपल्या मांजरीशेजारीं, हडपसरास, सीरम संस्था निघाली.

मोटार बाजारांत आली नाहीं. पण पत्र्यानें कापलेल्या हाताला औषध मिळालें. बेत सोडावा लागला, म्हणून उद्योगी वृत्ति वायां जात नाहीं.